सेल्माच्या खिडकीपासून अर्धा मैल

मी, रग्ना क्वामे, दिवंगत आयनार क्वामे यांची विधवा, वय त्र्याऐंशी, राहणार नॉरविक गावाच्या पश्चिमेस सात मैलांवर, राज्य नॉर्थ डकोटा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्याच स्वयंपाकघरातील टेबलावर बसून लिहून ठेवते. लिहिताना कोणी माझा हात धरलेला नाही. तशी कोणाची हिंमतही नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. मला त्याची गरज नव्हती, पण माझ्या जावयाला छापील कागदाशिवाय काही पटत नाही. याच डॉक्टरांनी माझ्या हृदयाची एक झडप झिजल्याचे सांगितले आहे. यंदाचा बर्फ पडलेला बघाल, म्हणाले; तो वितळलेला बघेन की नाही, यावर त्यांनी मौन पाळले. म्हणून ही घाई.

कलम पहिले. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिल्यात सगळे आयनारला होते, आणि तो माझ्याआधी गेला. दुसरे केले तेव्हा माझे माणसांविषयी बरे मत होते.

कलम दुसरे. मला आयनारच्या शेजारी पुरावे. पाद्रीसाहेबांनी सात मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये आणि मी सोशिक, प्रेमळ वगैरे होते असे म्हणू नये. बाकांवरच्या लोकांना हसू आवरणार नाही. नंतर हॅमचे पाव आणि कडक कॉफी असावी. आमच्या चर्चमध्ये हल्ली कॉफी म्हणून जे देतात त्यातून कपाचा तळ दिसतो. तेलकंपनीकडून फुलांचे चक्र येईल. ते आल्या गाडीने परत पाठवावे. कंपनीचे नाव मी या कागदात कुठेही लिहिणार नाही, तेवढा मान मी तिला देऊ इच्छित नाही.

कलम तिसरे, जंगम मिळकत. बँकेतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी मॅरिट हिला. तिचा नवरा ड्वेन फार्गोत मोटरबोटी विकतो. त्याला माझे बर्फ उपसायचे फावडे द्यावे. सत्तावीस वर्षे तो नाताळला इथे येतो आहे, पण फावड्याला त्याचा हात लागलेला नाही, त्यामुळे त्याला ते अगदी नवे वाटेल. आयनारची सगळी हत्यारे, पाने, ऐरण आणि वेल्डिंगचे यंत्र, डेल्बर्ट फोसे याला द्यावीत. हे ऐकून गावात भुवया उंचावतील. डेल्बर्टने काय केले ते मी विसरलेले नाही, ते पाचव्या कलमात येते.

सासूबाईंचा चांदीचा ब्रोच, जो लग्नाच्या पोशाखावर लावतात, तो माझी धाकटी जाऊ सेल्मा क्वामे हिला द्यावा. देण्यापूर्वी घासून लखलखीत करावा, नाहीतर ती बोलून दाखवेल. सासूबाईंनी तो मला दिला होता की तिला कबूल केला होता, याचा निकाल मी इथे देत नाही. त्या आम्हा दोघींनाही सांगून गेल्या असतील; त्या तशाच होत्या.

कलम चौथे, मुख्य मिळकत. तीनशे वीस एकरांखालचे तेल, वायू आणि आणखी जे काही असेल ते सर्व. जमीन माझी नाही. वरची माती माझा दीर ऑर्विल याची, खालचे सगळे माझे. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते की गहू एकाचा आणि गव्हाखालचे तेल दुसऱ्याचे असू शकते, आणि दोघांचे भांडण झाले तर कायदा तेलवाल्याच्या बाजूने उभा राहतो. त्याला खाली उतरायला वाट लागते, आणि वाट वरूनच जाते.

ही विभागणी माझ्या हुशारीने झाली असे गावात म्हणतात. तसे नाही. ती ऑर्विलच्या हुशारीने झाली. १९८४ साली आयनार गेला तेव्हा एकटीने पेरणी करणे मला शक्य नव्हते, आणि ऑर्विल जमीन घ्यायला तयार होता. नवरा जाऊन अठरा दिवस झाले होते. याच टेबलावर तो, त्याची सेल्मा आणि वकील बसले होते.

"वरची जमीन मी घेतो," ऑर्विल म्हणाला. "खालचे दगड तुला ठेव. आयनारच्या थडग्याला लावायला होतील."

वकिलांनी त्याला दोनदा विचारले, खनिज हक्क खरंच नकोत का? ऑर्विल हसला. "एका गंजक्या पंपातला आठवा हिस्सा? त्यात माझ्या कॉफीची साखरही यायची नाही." सेल्मा खिडकीबाहेर बघत होती. निघताना तिने ब्रोचचा विषय काढला, मी नाही म्हटले, आणि पुढची पंचवीस वर्षे आम्ही दोघी पाऊण मैलावर राहून, एकाच चर्चमध्ये एकाच ओळीत बसून एक शब्द बोललो नाही. ऑर्विलने माझ्या जमिनीतले एकमेव टेकाड निवडून त्यावर नवे घर बांधले. पूर्वी त्या टेकाडावर आयनार आणि मी रविवारी दुपारी बसायचो.

ज्या पंपाची त्याने थट्टा केली, त्याच्याविषयी. १९५७ साली आयनार आणि ऑर्विल या दोघा भावांनी मिळून एका कंपनीला आपल्या सहाशे चाळीस एकरांचा भाडेपट्टा लिहून दिला. विहीर एकच खणली, ऑर्विलच्या वाट्याच्या जमिनीत, कुंपणाला लागून. पण पट्ट्यात लिहिले होते की जोवर त्या पंपातून तेल निघते आहे, तोवर सगळीच्या सगळी जमीन कंपनीकडे बांधलेली राहील. एका खुंटीला सहाशे चाळीस एकर. पुढे आसपास नवे तेल सापडले, शेजाऱ्यांना एकरी हजारो डॉलर मिळू लागले, आणि आमच्या उरावर तो पंप तसाच डोके वरखाली हलवत कण्हत बसला. कंपनी नवीन खणेना आणि आम्हाला सोडेना. महिन्यातून चार दिवस पंप हलवायचा आणि पट्टा जिवंत ठेवायचा. त्या पट्ट्यात आमच्या बाजूचे एकच वाक्य होते: सलग नव्वद दिवस तेल निघाले नाही तर पट्टा संपला.

कलम पाचवे, माझी कॅलेंडरे. नॉरविकची बँक दर डिसेंबरात मोठ्या चौकोनांचे कॅलेंडर फुकट देते. मी १९४९ पासूनची सगळी जपली आहेत. रोजच्या चौकोनात तापमान, वारा, कोण आले, कोण गेले, आणि पंप चालू की बंद. आयनार शेतातून आला की पहिला प्रश्न पंपाचा विचारायचा. तो गेल्यावर विचारणारे कोणी राहिले नाही, तरी मी लिहीत राहिले. ड्वेनला हे हास्यास्पद वाटते. "आई, हवामान फोनवर दिसतं की," तो म्हणतो. त्याला काल किती थंडी होती ते विचारा, सांगता येणार नाही.

४ डिसेंबर २००८ रोजी पंप थांबला. तेलाचे भाव पडले होते आणि त्या हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली गेले होते. तो पुन्हा हलला २० मार्चला. मधले एकशे सहा चौकोन मी भरले, आणि प्रत्येकात लिहिले: पंप बंद.

एप्रिलमध्ये कंपनीने ऑर्विलला आणि मला एकेक चेक पाठवला, एक्केचाळीस डॉलरचा. पाकिटात गोड पत्र होते. बंद पंपाचे पैसे कोण फुकट देतो? मी भिंग आणले आणि चेकच्या पाठीवरची मुंगीच्या पायाएवढी अक्षरे वाचली. हा चेक वटवणाऱ्याला पट्टा चालू असल्याचे मान्य आहे, असे तिथे लिहिले होते. मी चेक पिठाच्या डब्यात टाकला. ऑर्विलने त्याच दिवशी बँकेत जाऊन वटवला, एक टोपी घेतली, गाडीत पेट्रोल भरले. त्याने ती टोपी मला लांबून दाखवलीही. एका टोपीसाठी त्याने आपली तीनशे वीस एकर पुन्हा त्याच खुंटीला बांधून घेतली आणि ती आजही तिथेच आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी वकील हार्लन ब्रेक्के यांच्यामार्फत दावा लावला. कंपनीने पंपाची नोंदवही हजर केली. तीत ११ फेब्रुवारी रोजी पंप दोन तास चालवल्याची, म्हणजे सलग नव्वद दिवस मोडणारी नोंद होती, खाली सही पंपाची देखभाल करणाऱ्या डेल्बर्ट फोसेची. सही तुमचीच का, असे विचारल्यावर डेल्बर्ट जमिनीकडे बघत हो म्हणाला. मग कंपनीचे वकील माझ्याकडे वळले.

"बाई, तुमच्या खिडकीतून पंप किती लांब आहे?"

"अर्धा मैल."

"या वयात एवढ्या लांबचं दिसतं?"

"तुमच्या टायवर अंड्याचा डाग दिसतोय," मी म्हटले. "पंप त्याहून मोठा आहे."

लोक हसले, पण हसण्याने दावे जिंकता येत नाहीत. एका म्हातारीचे कॅलेंडर एका बाजूला आणि कंपनीची शिक्क्याची वही दुसऱ्या बाजूला. न्यायाधीशांचा चेहरा मला वाचता येत होता. तेवढ्यात मागचे दार उघडले आणि सेल्मा आत आली. चर्चला घालायचा कोट, काखेत तेच बँकेचे कॅलेंडर. तिला कोणी बोलावले नव्हते. ऑर्विल पुढच्या रांगेत नवी टोपी मांडीवर ठेवून बसला होता. त्याने मान वळवली आणि त्याचे तोंड उघडेच राहिले.

तिने शपथ घेतली आणि चष्मा लावून वाचले. "अकरा फेब्रुवारी. शून्याखाली एकोणतीस. वादळ दुपारी थांबलं. पंप बंद, त्याच्या डोक्यावर हातभर बर्फ. ऑर्विलला सर्दी, कण्हतोय, मरणार नाही."

"पंप दोन तास चालला असेल आणि तुम्ही पाहिला नसेल," वकील म्हणाले.

"हलणाऱ्या डोक्यावर बर्फ टिकतो का? तो बर्फ तिथे एक जानेवारीपासून होता. तेही लिहिलंय. काढून दाखवू?"

"तुमच्या यजमानांनी चेक वटवलाय. तुम्हाला या निकालातून एक सेंट मिळणार नाही. मग आलात कशाला?"

सेल्माने त्यांच्याकडे असे पाहिले की जणू त्यांनी चर्चमध्ये टोपी घातली होती. "बँकेचं कॅलेंडर आहे हे," ती म्हणाली. "यात खोटं लिहीत नाहीत."

मी जिंकले. माझ्या तीनशे वीस एकरांखालचे सगळे मोकळे झाले. न्यायालयाच्या पायऱ्यांवर सेल्मा उभी होती, हातमोजे चढवत.

"तुझ्यासाठी नाही आले मी," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"ब्रोच आहे का अजून?"

"आहे."

"काळा पडला असेल."

"पडलाय," मी म्हटले. पंचवीस वर्षांत आमचे झालेले बोलणे एवढेच. ती ऑर्विलच्या गाडीत जाऊन बसली. तो घरापर्यंत आणि त्यानंतर महिनाभर तिच्याशी बोलला नाही असे ऐकले. तिने तो महिना सुखात काढला असेल.

डेल्बर्टला कंपनीने पुढच्याच आठवड्यात काढून टाकले. खोटे लिहायला लावायचे आणि ते उघडे पडले की लिहिणाऱ्याला हाकलायचे, ही मोठ्या लोकांची जुनी रीत आहे. तो माझ्या दारात आला. "वरून फोन आला होता, बाई. लिही म्हणाले. मी लिहिलं," एवढेच बोलला आणि उभा राहिला. मी त्याला आत घेतले नाही. त्याने माझे मोडलेले फाटक दुरुस्त केले, पैसे घेतले नाहीत आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात माझा रस्ता साफ करतो. मी त्याला क्षमा केलेली नाही. हत्यारे चांगली आहेत आणि ती वापरणारा हात हवा, म्हणून देते आहे.

कलम सहावे, नव्या पट्ट्याच्या अटी. पट्टा मोकळा झाल्याचा वास लागताच दुसऱ्या कंपनीचा माणूस आला. याला लँडमन म्हणतात. जमीन याची नसते, तेल याचे नसते, सही मात्र याला हवी असते. नाव ट्रेंट कोल्बी, मुक्काम ओक्लाहोमा, वय तिशीच्या आत, बूट इतके नवे की चालताना करकरत होते. हातात सफरचंदाची पाई, पेट्रोल पंपावरची. किमतीचे लेबल खरवडून काढलेले, तेही अर्धे. आमच्याकडे विकतची पाई घेऊन येणाऱ्याला कॉफीचा दुसरा कप मिळत नाही.

"हा छापील नमुना आहे, मॅडम. सगळे यावरच सही करतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"तुमचे दीरसुद्धा म्हणत होते की..."

"माझा दीर औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीही वाचत नाही. पुढे बोला."

"पैसे हुंडीने देऊ. आज सही करा, तीस दिवसांत हुंडी बँकेत वटेल."

"आणि नाही वटली तर?"

"तसं होत नाही, मॅडम."

"मग सही तीस दिवस माझ्याकडे राहू दे. तसं होत नाही म्हणताय, तर तुमचं काय जातं?"

तो सहा वेळा आला. पहिल्या वेळी एकरी आठशे डॉलर आणि आठवा हिस्सा हे त्याच्या मते शेवटचे होते. चौथ्या वेळी तीन हजार आणि सहावा हिस्सा शेवटचे झाले. पाचवा हिस्सा आमच्या कंपनीने आजवर कोणाला दिला नाही, असे तो म्हणाला. मी म्हटले, मग पहिल्यांदा देताना नीट मोजून द्या. पाचव्या वेळी त्याने पाई आणली नाही आणि पाचवा हिस्सा आणला. मूर्ख माणसाला शिकायला वेळ लागतो, पण शिकतो.

माझ्या मृत्यूनंतर पट्ट्यावर सही करण्याचा अधिकार या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून हार्लन ब्रेक्के यांना राहील, आणि तोही पुढील अटी जशाच्या तशा असतील तरच. हिस्सा पाचवा. तेल वाहून नेणे, वायू साफ करणे, दाबणे असल्या कोणत्याही नावाखाली त्यातून छदाम कापायचा नाही. माझ्या चुलतबहिणीला एका वर्षी खर्च वजा जाता कंपनीचेच देणे निघाले होते. मुदत तीन वर्षे, वाढ नाही. ज्या एकरांखालून तेल निघेल तेवढेच बांधलेले राहतील, बाकीचे सुटतील. एका खुंटीचा खेळ आमच्या घराण्यात एकदा झाला तेवढा पुरे. पैसे बँकेच्या चेकने, सहीच्या आधी. चेकच्या दोन्ही बाजू वाचाव्यात.

हे सर्व हक्क ब्रेक्के यांनी विश्वस्त म्हणून सांभाळावेत आणि उत्पन्न मॅरिटला द्यावे. हक्क विकता येणार नाहीत. ड्वेनने गेल्या तीन नाताळांना खनिज हक्क विकत घेणाऱ्यांची पत्रे आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली आहेत. "विकून टाका, आई. हातात पैसा येईल."

"कोणाच्या हातात?" मी विचारले. तो मॅरिटकडे बघू लागला. मॅरिट बटाटे कुस्करत होती, तिने वर पाहिले नाही. माझी लेक भांडण टाळते. हा गुण तिने माझ्याकडून घेतलेला नाही.

कलम सातवे, विहिरीची जागा. एवढ्या एकाच गोष्टीपायी पट्टा माझ्या हयातीत सहीविना राहिला आहे. नवीन विहीर आधी सरळ खाली जाते आणि मग मैल दोन मैल आडवी वळते, त्यामुळे वर जागा एकच लागते, पण ती मोठी लागते. ट्रकांचा रस्ता, टाक्या, आणि वायू जाळायची ज्वाला. कोल्बीला ती जागा टेकाडावर हवी आहे, कारण तिथे पाणी साचत नाही. ते टेकाड ऑर्विलचे, खालचे तेल माझे. कायद्याने घरापासून पाचशे फूट सोडले की झाले. ऑर्विलला नाही म्हणता येत नाही. मला येते. मी पट्ट्यात एक ओळ लिहिली तर कंपनीला लांब जावे लागेल. ती जागा कोरी सोडा, एकरी दोनशे जास्त देतो, असे कोल्बी सहाव्या वेळी म्हणाला. चौसष्ट हजार होतात. मी विचार करते म्हटल्यावर तो माझ्या औषधांच्या बाटल्यांकडे बघून हसला आणि म्हणाला, "घाई नाही, मॅडम." म्हातारी गेली की लेक सही करेल, हा त्यांचा हिशेब आहे. त्या हसण्याची किंमत कंपनीला या कलमात मोजावी लागेल.

ऑगस्टमध्ये ऑर्विल आला. १९८४ नंतर पहिल्यांदा या स्वयंपाकघरात. हातात तीच टोपी.

"वहिनी," तो म्हणाला. लग्नापासून मी याची वहिनी आहे, हे त्याला साठ वर्षांनी आठवले. "कॉफी आहे का?"

"आहे," मी म्हटले आणि बसून राहिले.

"त्या लोकांनी टेकाडावर खुंट्या मारल्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. रात्रंदिवस जाळ असणार, ट्रक असणार. तू लिही ना कागदात, लांब खणा म्हणून."

"मी कोण लिहिणारी? माझे तर खालचे दगड."

तो टोपी फिरवत राहिला. तेव्हा तसे बोलायला नको होते, एवढे एक वाक्य म्हणायला त्याला कोणी अडवले नव्हते. ते वाक्य आले असते तर मी तिथल्या तिथे लिहून दिले असते आणि मला माझाच राग आला असता. पण तो म्हणाला, "माझ्यासाठी नको. सेल्माची छाती धरते धुळीनं. खोकते."

"केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"खोकला, ऑर्विल. किती दिवस झाले?"

"मला काय माहीत? असतो खोकला."

एकोणऐंशी वर्षांचा माणूस, बायको टेबलाच्या पलीकडे बसून खोकते आहे आणि त्याला दिवस माहीत नाहीत. "घरी जा," मी म्हटले, "आणि तिच्या कॅलेंडरात बघ." तो गेला. बघितले की नाही, देव जाणे. मला वाटते ते कॅलेंडर कुठे टांगलेले असते हेही त्याला शोधावे लागले असेल.

या बाईने माझ्यासाठी काही केले नाही, हे तिने स्वतः सांगितले आहे आणि मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवते. तिने जे दिसले ते लिहिले आणि जे लिहिले ते वाचले, नवरा समोर बसलेला असताना, एक सेंट मिळणार नसताना. त्र्याऐंशी वर्षांत असे करणारे दुसरे माणूस मी पाहिलेले नाही. त्यात मी स्वतःलाही धरते, कारण मी वाचले ते मला तीनशे वीस एकर मिळणार होते म्हणून. तिच्याशी मी पंचवीस वर्षे चांदीच्या एका तुकड्यासाठी बोलले नाही आणि खटल्यानंतरही माझी जीभ उचलली नाही. याची मला लाज वाटते.

म्हणून असे ठरवते की, सेल्मा क्वामे ज्या खिडकीत बसून आपले कॅलेंडर लिहील त्या खिडकीपासून अर्ध्या मैलाच्या आत विहीर, रस्ता, टाकी किंवा ज्वाला असणार नाही. अंतर ऑर्विलच्या घरापासून मोजू नये, खिडकीपासून मोजावे. हे शब्द पट्ट्यात असेच यावेत. कंपनीला ते मान्य नसतील तर सही होणार नाही आणि तेल जिथे लाखो वर्षे आहे तिथेच राहील, त्याला घाई नाही.

मग विहीर कुठे खणायची? या घराच्या जागी. घर आणि भोवतालची पाच एकर एवढी वरची जमीन मी १९८४ साली विकली नव्हती, ती माझी आहे आणि खिडकीपासून पाऊण मैलावर आहे. कंपनीने घर पाडावे आणि इथे खणावे. जागेचे पैसे मॅरिटला. ड्वेनने हे घर तेलकामगारांना भाड्याने द्यायचे मनात धरले होते. त्याने आता फावड्याकडे लक्ष द्यावे. मॅरिट, तुझे चौसष्ट हजार मी उधळले असे तुला कोणी सांगेल. उधळले. टेबल तू ने. खिडकीची चौकटही काढून ने, तुझ्या बाबांनी बसवली होती आणि तिच्यातून मला जे बघायचे होते ते सगळे दिसले. घर पडताना बघायला येऊ नकोस.

शेवटची अट. वरील अर्धा मैल सेल्मा हयात असेपर्यंतच आहे. दर महिन्याच्या एक तारखेला तिच्या हस्ताक्षरातले मागच्या महिन्याचे पान ब्रेक्के यांच्याकडे पोचले पाहिजे. ते पोचवायला ऑर्विलने स्वतः जावे, म्हणजे वाटेत तरी वाचेल. ज्या महिन्यात पान येणार नाही, त्या महिन्यापासून टेकाड कंपनीला मोकळे. सेल्मा ऑर्विलच्या आधी गेली, तर दफनानंतर तिसऱ्या दिवशी कंपनीने त्याच्या दारासमोर खुंट्या मारायला माझी हरकत नाही. तेव्हा ऑर्विल, तिला डॉक्टरकडे ने. कॉफी तू कर. आणि ती खोकली की दिवस मोज.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, राग शांत झाल्यावर नव्हे तर राग असतानाच पण पूर्ण भानावर राहून सही करते.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, नॉरविकच्या पश्चिमेस.
मंगळवार, १८ ऑक्टोबर २०११. तापमान एकतीस फॅरनहाइट, वारा वायव्येचा, पाणवठ्यावर पातळ बर्फ. पंप चालू.

(सही) रग्ना क्वामे

साक्षीदार पहिली: आयरिस ओस्टबी, नॉरविकच्या बँकेत नोकरीस. कॅलेंडरे हीच वाटते. तिने पुढच्या वर्षाचे माझे सेल्माला द्यावे, पाने कमी पडायला नकोत.
(सही) आयरिस ओस्टबी

साक्षीदार दुसरा: डेल्बर्ट फोसे. याला मी मुद्दाम बोलावले आहे. डोळ्यांनी पाहिले तेच लिहून खाली सही करण्याची संधी माणसाला आयुष्यात एकदा तरी मिळावी.

रग्नाबाईंनी माझ्यासमोर सही केली. मी पाहिली. पाहिली म्हणून लिहिले.
(सही) डेल्बर्ट फोसे